मन नसतानाची शर्यत: ११३ किलोमीटर आणि आपलं दुकान

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून हा भाग इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, मध्ये एक छोटा हिशेब आहे.

आकुर्डीतल्या माझ्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न येतोच. "सर, पहिले सहा महिने जोश होता. आता सकाळी शटर वर करायचंच मन होत नाही. काय करू?" विचारणारा आळशी नसतो, बरं का. उलट सगळ्यात जास्त राबणारा हाच असतो. त्याला भाषण देऊन उपयोग नाही. म्हणून मी एक शर्यत समजावून सांगतो.

गोव्यात पणजीजवळ मिरामार बीचवर २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'आयर्नमॅन ७०.३' पहिल्यांदा झाली. ७०.३ हा आकडा मैलांचा. आपल्या भाषेत ११३ किलोमीटर: समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचं, लगेच ९० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावायचं. पूर्ण आयर्नमॅन याच्या दुप्पट असते. ती मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये झुरिचला वयाच्या ४९ व्या वर्षी पार केली होती, आणि आपल्या पुण्याच्या डॉ. कौस्तुभ राडकरांनी तर ती वीसहून जास्त वेळा पूर्ण केलीये. पण मला बोलायचंय ते अर्ध्या अंतराच्या शर्यतीबद्दल, कारण तिथे बरेच लोक नोकरी-धंदा सांभाळून उतरतात आणि अर्धे थकूनच उतरतात.

माझं पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. खोकी, टेप, बबल रोल. माझे एक जुने गिऱ्हाईक भोसरीत सीएनसी जॉबवर्क करतात, चाकणच्या कंपन्यांना पार्ट देतात. त्यांनी गोव्याची फी वर्षाच्या सुरुवातीलाच भरून ठेवली होती. शर्यत ऑक्टोबरात. आता आपल्या पट्ट्यातला सप्टेंबर-ऑक्टोबर तुम्हाला माहितीये: गणपती होतात न होतात तोच दसरा-दिवाळीच्या गाड्यांसाठी शेड्यूल वाढतं. त्यात एक ऑपरेटर गावी गेलेला. दादा तीन आठवडे रात्री बारापर्यंत शॉपवर. पोहणं बंद, सायकल धूळ खातेय. निघायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे खोकी न्यायला आले तेव्हा म्हणाले, "जायची अजिबात इच्छा नाहीये रे."

मी विचारलं, "दादा, मग कॅन्सल करा ना?"

"पाय दुखत नाहीत, ताप नाही. नुसतं डोकं थकलंय. डोक्याच्या म्हणण्यावर एवढा मोठा निर्णय घेऊ?"

हे वाक्य मी बॅचमध्ये पन्नास वेळा तरी सांगितलं असेल. कारण त्याला शास्त्राचा आधार आहे. सॅम्युएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ जणांना एकदा ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम कॉम्प्युटरवर दिलं आणि दुसऱ्या वेळी तेवढाच वेळ माहितीपट दाखवले. दोन्ही वेळा नंतर दमून थांबेपर्यंत सायकल चालवायला लावली. डोकं शिणलेलं असताना सरासरी ६४० सेकंद टिकले, नसताना ७५४. म्हणजे जवळपास दोन मिनिटांचा फरक. गंमत अशी, की हृदय आणि स्नायूंच्या मोजमापात त्याचं कारण सापडलं नाही. फक्त तेच काम जास्त जड वाटत होतं.

आता दिवसभर जीएसटीची बिलं जुळवून, दोन पार्ट्यांशी उधारीवर वाद घालून संध्याकाळी तुम्हाला वाटतं "हा धंदा माझ्याच्याने होणार नाही". ते वाटणं खरंच आहे. पण ती मोजणी धंद्याची नाही, शिणलेल्या डोक्याची आहे. संध्याकाळी साडेआठला धंदा बंद करायचा विचार आला, तर तो कागदावर लिहून ठेवा आणि गुरुवारी सकाळी वाचा. (गुरुवारी आपल्याकडे बऱ्याच कंपन्यांना सुट्टी, फोन कमी वाजतात.)

मात्र दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, कारण यूट्यूबवर ती कुणी सांगत नाही. ताप असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर शर्यतीला उतरायचं नाही. तिथे हिंमत दाखवणं हा निव्वळ मूर्खपणा. धंद्यातही तसंच. प्रत्येक नगामागे पैसे जात असतील, खरेदी ९२ ची आणि विक्री ९० ची, तर तो थकवा नाही, ताप आहे. जिद्दीने तो उतरत नाही. जास्त विकाल तेवढं जास्त बुडाल. आधी रेट दुरुस्त करा, नाहीतर तो माल बंद करा.

दादांना ताप नव्हता. ते गेले. आणि तिथे त्यांनी जे केलं ते मला धंद्याच्या दृष्टीने फार शिकण्यासारखं वाटतं.

पहिलं म्हणजे टार्गेट बदललं. वर्षाच्या सुरुवातीला ठरवलं होतं साडेसहा तास. ते खोडलं आणि लिहिलं: वेळेत पूर्ण. या शर्यतीत कटऑफ असतात. पोहण्याला १ तास १० मिनिटं, सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत साडेपाच तास, एकूण साडेआठ तास. अगदी शेवटच्या मिनिटाला सायकलवरून उतरलात तरी धावायला तीन तास उरतात. १८० भागिले २१.१, म्हणजे किलोमीटरला साधारण साडेआठ मिनिटं. नुसतं चालून हे जमत नाही, पण थोडं पळत थोडं चालत जमतं. हा आकडा डोक्यात असला की भीती कमी होते, कारण काय पुरेसं आहे ते कळतं.

तुमच्या दुकानाचा असा आकडा तुम्हाला माहितीये? बहुतेकांना नसतो. काढूया. समजा भाडं १८,०००, मदतनीस १४,०००, लाईट-फोन ४,०००, कर्जाचा हप्ता ९,०००. झाले ४५,०००. सरासरी मार्जिन १८ टक्के असेल तर ४५,००० भागिले ०.१८, म्हणजे महिन्याला अडीच लाखांची विक्री. २६ दिवस दुकान उघडं, तर रोजचे साधारण ९,६००. हा तुमचा कटऑफ. यात तुमचा स्वतःचा पगार नाही, लक्षात ठेवा. तो कायम वगळून चालणार नाही. पण ज्या दिवशी अंगात काहीच त्राण नाही, त्या दिवशी ९,६०० झाले की शटर खाली ओढा आणि झोपा. अपराधी वाटून घेऊ नका.

दुसरं, निर्णय आदल्या दिवशीच घेऊन टाकले. या शर्यतीत निळ्या पिशवीत सायकलचं सामान आणि लाल पिशवीत धावण्याचं सामान आधीच भरून द्यावं लागतं. पाण्यातून धापा टाकत बाहेर आल्यावर 'मोजे कुठे' हा विचार करायची वेळच येत नाही. मी रोज रात्री जुन्या बिलाच्या मागे उद्याची पहिली तीन कामं लिहितो आणि तो कागद गल्ल्यावर ठेवतो. सकाळी मूड असो नसो, कागद वाचायचा आणि पहिलं काम सुरू करायचं.

तिसरं, खाणं घड्याळावर. एवढ्या लांब शर्यतीत तासाला साधारण ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतं, सवय असेल त्यांना त्याहून जास्त. एका मध्यम केळ्यात २५ ग्रॅमच्या आसपास असतं. थकलेल्या माणसाला भूक कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून दादांनी सायकलच्या घड्याळात दर २० मिनिटांचा गजर लावला होता. गजर वाजला की खायचं, इच्छा विचारायची नाही. धंद्यात हे म्हणजे वसुली. थकलेला दुकानदार सगळ्यात आधी वसुलीचे फोन टाळतो. ऑर्डर घेणं गोड असतं, पैसे मागणं कडू. मग महिनाअखेरीस हात रिकामे आणि जीएसटीची २० तारीख दारात. मासिक ३बी भरणाऱ्याला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, वर व्याज. तेव्हा मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ११ ला अर्धा तास वसुलीचे फोन. गजर लावा.

धावताना दादांनी अजून एक केलं. ऑक्टोबरचा गोव्याचा दमटपणा, डोक्यावर ऊन. पाण्याच्या टेबलापाशी आलं की चालायचं, पाणी प्यायचं, डोक्यावर ओतायचं, टेबल संपलं की पुन्हा पळायचं. "पुढच्या टेबलापर्यंतच शर्यत आहे असं समजलो. एकवीस किलोमीटरचा विचार केला असता तर तिथेच वाळूत बसलो असतो," असं त्यांनी मला परत आल्यावर सांगितलं. आठ तासांच्या थोडं आतच संपवली. मेडल घेतलं, भात खाल्ला, झोपले. मजा आली का विचारलं, तर म्हणाले, "नाही. शेवटचे दोनशे मीटर सोडले तर अजिबात नाही."

मग परत आल्यावर त्यांनी एक माणूस ठेवला, रात्रपाळीच्या सेटिंगसाठी. पगार २२,००० जास्त जातो महिन्याला. पण पुढच्या सीझनला ते रात्री नऊला घरी होते.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचा ९,६०० वाला आकडा काढा. हप्ता आणि मार्जिन अंदाजाने लिहू नका, मागच्या तीन महिन्यांची बिलं समोर घेऊन बसा. पुढच्या व्हिडिओत वसुलीचा फोन कसा सुरू करायचा ते बघू, पहिल्या वाक्यापासून.