अर्थशास्त्राची पदवी : निवड आणि पुढील वाटा



बी. ए.साठी अर्थशास्त्र निवडताना ‘यातून नोकरी कोणती मिळेल?’ हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. घर, नोकरी आणि अभ्यास यांची सांगड घालणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला तो अधिकच भेडसावतो. उत्तरापूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. काही ठिकाणी कोणत्याही शाखेची पदवी चालते. काही ठिकाणी मात्र अर्थशास्त्राचा जाणकार म्हणूनच नेमणूक होते.

पहिल्या प्रकारात बँकांतील लिपिक व परिविक्षाधीन अधिकारी, राज्यसेवा, नागरी सेवा यांच्या परीक्षा येतात. पात्रतेसाठी पदवी पुरते. अर्थशास्त्राचा लाभ होतो तो परीक्षेतील आर्थिक घटकांच्या तयारीत. हेतू एवढाच असेल, तर अभ्यासक्रमांची फार चिकित्सा करण्याचे कारण नाही.

दुसऱ्या प्रकारात ती करावीच लागते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातील बी. ए. पुरत नाही, अर्थशास्त्र किंवा त्याच्या निकटच्या विषयातील पदव्युत्तर पदवी लागते. याउलट, भारतीय सांख्यिकी सेवेसाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असला तरी पात्रता मिळते. म्हणजे आज प्रवेश अर्जावर केलेली एका विषयाची निवड उद्याचे एक दार उघडते किंवा बंद करते. या दोन्ही सेवांची सर्वसाधारण वयोमर्यादा २१ ते ३० वर्षे आहे. तिशी ओलांडलेल्यांनी हे आधीच जाणून घ्यावे. त्यांच्यासाठी एम. ए. व त्यानंतर ‘नेट’ किंवा ‘सेट’ देऊन अध्यापनाकडे जाण्याचा मार्ग अधिक मोकळा आहे. साहाय्यक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी या परीक्षांना कमाल वयाची अट नाही.

आता गणिताविषयी. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्सला प्रवेश घेण्यासाठी बारावीला गणित लागते. आपल्याकडे कला शाखेत ही अट सहसा नसते आणि म्हणून अनेकांचा समज होतो, की गणिताशिवाय निभावेल. पदवीपर्यंत कदाचित निभावेलही. एक उदाहरण पाहा. एका विक्रेत्याने कांद्याचा दर किलोमागे २० रुपयांवरून १५ रुपयांवर आणला. विक्री ४० किलोंवरून ५० किलोंवर गेली. दरातील घट २५ टक्के, मागणीतील वाढही २५ टक्के. म्हणजे मागणीची लवचिकता एक. अशा वेळी एकूण प्राप्ती बदलत नाही, असा नियम आपण शिकतो. पण गल्ला तर ८०० रुपयांवरून ७५० रुपयांवर आला! नियम चुकला काय? नाही. तो अत्यल्प बदलापुरता खरा आहे. येथे बदल मोठा असून टक्केवारी मूळ आकड्यांवर काढली आहे. दर व मागणी यांच्या सरासरीवर, म्हणजे १७.५० रुपये व ४५ किलो यांवर, ती काढल्यास लवचिकता सुमारे ०.७८ येते आणि प्राप्ती का घटली ते उलगडते. ‘अत्यल्प बदल’ या कल्पनेचे गणित म्हणजेच कलन, अर्थात कॅलक्युलस. एम. ए.च्या वर्गात ते पहिल्या महिन्यातच समोर येते. म्हणून पुढे शिकण्याचा विचार असेल, तर संख्याशास्त्र किंवा संख्यात्मक पद्धतींची अभ्यासपत्रिका असलेलाच अभ्यासक्रम निवडावा, तो अवघड वाटला तरी. हे मत काहींना कठोर वाटेल. पण ही उणीव पदवीनंतर भरून काढणे नोकरदार माणसाला फार जड जाते.

दूरस्थ पदवीला किंमत असते का, ही शंकाही नेहमी येते. मान्यताप्राप्त संस्थांच्या दूरस्थ पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष आहेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमाची मान्यता आहे ना, हे शुल्क भरण्यापूर्वी पाहावे.

स्वाध्याय : वरील विक्रेत्याने दर १५ रुपयांवरून १२ रुपयांवर आणला आणि विक्री ५८ किलो झाली. सरासरी आकडे धरून लवचिकता काढा व प्राप्तीतील बदलाशी ती ताडून पाहा. हे गणित सोडवताना कंटाळा आला की कुतूहल वाढले, तेही वहीत प्रामाणिकपणे लिहा आणि मगच विषयांची निवड करा.