पाहुण्यांनी वेळ पाहून जावे

सहल ठरली की डब्यात काय न्यावे हा विचार आपणांस प्रथम सुचतो. त्यात गैर काही नाही. परंतु ज्याच्या घरी जावयाचे त्याची सोय पाहणे हाही पाहुण्याचा धर्म होय. नांदूर मध्यमेश्वर येथील पक्षी अभयारण्याची एक दिवसाची सहल कशी आखावी, हे सांगताना आम्ही तेथूनच आरंभ करतो.

हे स्थळ निफाड तालुक्यात, नाशिकपासून सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीच्या पाण्यासाठी बंधारा बांधण्यात आला. त्याच्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला. उथळ डबकी, चिखलाची बेटे व पाणवनस्पती निर्माण झाल्या. अन्न व आसरा मिळताच पक्षी येऊ लागले. १९८६ साली येथे अभयारण्य झाले, आणि २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झाले. इराणातील रामसर या गावी १९७१ साली झालेल्या करारावरून हे नाव पडले आहे.

एके वर्षी आम्ही मुलांस घेऊन दुपारी बारा वाजता तेथे पोहोचलो. ऊन डोक्यावर, बदके दूर पाण्यात निजलेली. मुले कंटाळली आणि एकाने खडा भिरकावला. क्षणात शेकडो पक्षी उडाले. मुलांबरोबर आम्हीही टाळ्या वाजविल्या! सोबतचा गावकरी वाटाड्या हळूच म्हणाला, "गुरुजी, लई लांबून आलेत ते. जरा इसावू द्या त्यांना." खडा मुलाने मारला खरा, पण अवेळी नेणारे आम्हीच होतो.

वाटाड्याचे बोलणे शास्त्रशुद्ध होते. येथे येणारा पट्टकदंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतो. परतीच्या प्रवासासाठी त्यास हिवाळाभर चरून अंगी चरबी साठवावी लागते. आपण त्यास विनाकारण उडविले की त्या शिदोरीतील घास आपणच काढून घेतो.

म्हणून आखणी अशी असावी. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांपैकी निवडावा. प्रवेशाची वेळ व शुल्क वनखात्याकडे आधी विचारावे आणि गावातील वाटाड्या ठरवावा. पहाटे साडेपाचास निघावे, म्हणजे सूर्योदयाच्या सुमारास पोहोचता येते. त्या वेळी पक्षी चरत असतात. सूर्य पाठीशी राहील अशी जागा घ्यावी, म्हणजे पिसांचे रंग स्पष्ट दिसतात. दहा-दहा मुलांची तुकडी करून प्रत्येकीस एक दुर्बीण द्यावी. कपडे मातकट किंवा हिरवट असावेत. न्याहारी पाण्यापासून दूर बसून करावी व कागदाचा कपटाही मागे ठेवू नये. पालकांस विनंती की, निफाडची थंडी प्रसिद्ध आहे; पाल्यास लोकरीचे कपडे व कानटोपी अवश्य द्यावी, आणि आदल्या रात्री लवकर निजवावे.

शेवटी विद्यार्थ्यांस एक अभ्यास. परतल्यावर वहीत दोन आकडे लिहावे: किती जातींचे पक्षी पाहिले, आणि आपल्यामुळे थवा किती वेळा उडाला. पहिला आकडा लहान असला तरी चालेल. दुसरा शून्य असावा. आम्हीही आमची वही सोबत आणणार आहोत.