रात्रीचे ओलित आणि झोपेची तूट

रब्बी हंगामात विहिरीवरील ओलिताचे काम वाढते. महाराष्ट्रात शेतीपंपांचा वीजपुरवठा बऱ्याच भागांत काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशा पाळीने होत आला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे अनेक ठिकाणी दिवसा वीज मिळू लागली असली, तरी जेथे ती पोचलेली नाही, तेथे शेतकऱ्यास मध्यरात्री उठून दारे धरावी लागतात. रानडुकरांपासून पिकाची राखण असल्यास जागरणात आणखी भर पडते. पहाटे घरी येऊन तास-दोन तास पाठ टेकावी, तोच धारा काढण्याची वेळ होते. असे महिनोन् महिने चालले म्हणजे शरीरात झोपेची तूट साचत जाते. ती कशी ओळखावी व कशी भरून काढावी, याचा विचार येथे केला आहे.

तूट म्हणजे काय?

प्रौढ माणसास दिवसाच्या चोवीस तासांत किमान सात तास झोप आवश्यक असते. ज्यास साडेसात तासांची गरज आहे त्यास पाचच तास झोप मिळाली, तर एका आठवड्यात साडेसतरा तासांची तूट पडते. "आता सवय झाली" असे पुष्कळजण म्हणतात; परंतु हा समज फसवा आहे. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही निरोगी माणसांना सलग चौदा रात्री सहा तास किंवा त्याहून कमी झोपू देण्यात आले. अखेरीस त्यांची सावधानता एक-दोन रात्री मुळीच न झोपलेल्या माणसाइतकी घटली. मात्र आपण किती मंदावलो आहोत, याची जाणीव त्यांना फारशी नव्हती.

धोका कोठे आहे?

ऑस्ट्रेलियातील १९९७ सालच्या एका अभ्यासानुसार, सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे काम, १०० मिलीलिटर रक्तात ५० मिलीग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके बिघडते. आपल्याकडे वाहन चालविण्यास कायद्याची मर्यादा ३० मिलीग्रॅमची आहे. म्हणजेच पहाटे पाचला उठून रात्री दहाला मोटर सुरू करावयास जाणारा शेतकरी, दारूचा थेंबही न घेता, त्या अवस्थेस पोचलेला असतो. ओल्या हाताने स्टार्टर चालू करणे, मळणीयंत्रात पेंढी सारणे, कडबाकुट्टीवर बसणे, ट्रॅक्टर चालविणे, औषधाचे माप काढणे ही कामे क्षणभराच्या डुलकीनेही जिवावर बेततात.

पुढील खुणा दिसल्यास तूट साचली आहे असे समजावे:

१. जेवणानंतर वा एस. टी. त बसताच डोळा लागणे.
२. झालेले काम आठवेनासे होणे. मोटर बंद केली की नाही, हे पुन्हा जाऊन पाहावे लागणे.
३. क्षुल्लक कारणावरून घरात चिडचिड होणे.

तूट कशी भरून काढावी?

एक दिवस दुपारपर्यंत झोपल्याने जुनी तूट फिटत नाही. भेगाळलेल्या जमिनीस एकदम पाणी सोडल्यास ते वाहून जाते; बेताने दिल्यास मुरते. झोपेचेही तसेच आहे. दिवसा वीज असलेल्या दिवसांत नेहमीपेक्षा एक-दीड तास लवकर निजावे व उठण्याची वेळ मात्र तीच ठेवावी. बुडालेला प्रत्येक तास परत मिळवावा लागत नाही. प्रारंभी शरीर आपोआप गाढ झोपेचा वाटा वाढविते. काही दिवसांत हुशारी वाटू लागते. परंतु जुनी तूट असल्यास हा क्रम काही आठवडे सोडू नये.

रात्रपाळीच्या दिवसांत पुढील काळजी घ्यावी:

१. रात्री शेतावर जावयाचे असल्यास संध्याकाळी दीड तास झोपून घ्यावे.
२. घरी परतल्यावर आतल्या काळोख्या, थंड खोलीत निजावे. उजेडामुळे शरीरातील घड्याळ "दिवस झाला" असे समजते व झोप अर्धवट राहते.
३. दुपारी वीस ते तीस मिनिटांची झोप पुरेशी आहे. त्याहून अधिक झोपल्यास, उठल्यावर काही वेळ जडपणा राहतो. तो जाईपर्यंत यंत्रास हात लावू नये.
४. निजण्यापूर्वी सहा तास चहा टाळावा. तंबाखूही निजतेवेळी नको. दारूने डोळा लवकर लागला, तरी उत्तररात्री झोप मोडते.
५. घरातील अथवा शेजारच्या माणसाबरोबर दारे धरण्याच्या पाळ्या लावून घ्याव्यात. जागरणानंतरच्या सकाळी मळणी व फवारणी ठेवू नये.

पुरेसा वेळ मिळूनही झोप येत नसेल, तर दुखणे निराळे असू शकते. मोठ्याने घोरणे व मध्येच श्वास अडखळणे हे विकाराचे लक्षण असून प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. पहाटे जाग येऊन मनात कर्जाची चिंता व निराशा घोळत राहिली, तर ते मनात दाबून ठेवू नये; टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या विचाराने घेऊ नयेत.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रात्रपाळीच्या दिवसांनंतर सकाळच्या सभा व प्रात्यक्षिके ठेवू नयेत. ओलिताच्या पाळ्यांविषयी बोलताना शेतकऱ्याच्या घरातील स्त्रियांसही विचारावे; रात्री दार उघडून देणारी व पहाटे सर्वांआधी उठणारी तीच असते, आणि तिची तूट कोणी मोजलेली नसते. पिकास पाण्याची पाळी चुकू नये म्हणून जी दक्षता घेतली जाते, तीच घरातील प्रत्येकाच्या झोपेबाबत घेतली जावी.