दत्तक घेताना आणि देताना

लग्नाला आठ-दहा वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही, की आपल्या भागात सल्ला देणारे पुष्कळ निघतात. कोणी भगताकडे पाठवतो, कोणी वापीच्या दवाखान्याचे नाव घेतो, कोणी हळूच सांगतो, ‘अमक्या नर्सबाईला भेटा, ती एखादे मूल मिळवून देईल.’ मुले असलेल्या घरांनाही अलीकडे निराळ्याच विचारणा होतात. परदेशी गेलेला नातलग ‘तुमचे एक मूल आम्हांला द्या’ म्हणतो, किंवा एखादा मध्यस्थ घरच्या सुनेला ‘नऊ महिन्यांचे पैसे मिळतील’ असे सांगून पाहतो. या गोष्टी वरवर वेगळ्या दिसतात, पण त्या सर्वांत एका मुलाचे नाव, नाते आणि हक्क पणाला लागलेले असतात. म्हणून त्यांचा एकत्र विचार करू.

प्रथम दवाखान्याविषयी. मूल होत नाही म्हणून बायकोला चार ठिकाणी नेले जाते आणि नवरा मात्र बाहेर बाकावर बसून राहतो. हे चूक आहे. दोष पुरुषात असण्याचे प्रमाण मुळीच थोडे नाही आणि त्याच्या धातूची तपासणी सर्वांत सोपी व स्वस्त असते. ती आधी करावी. स्त्रियांच्या बाबतीत आपल्या देशात गर्भाशयाचा व गर्भनलिकांचा क्षय हे वंध्यत्वाचे एक मोठे कारण आहे. त्यात खोकला नसतो, पुष्कळदा तापही नसतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. याशिवाय वारली, कोकणा, धोडिया या आपल्या समाजांत सिकलसेलचा दोष आढळतो; पतिपत्नींनी त्यासाठी रक्त तपासून घ्यावे. २०२३ सालापासून या रोगाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. एवढे सगळे झाल्यावर दत्तकाकडे वळावे. तेही मन मोठे करून; हरलेला डाव म्हणून नव्हे.

आता कायदा. ख्रिस्ती माणसाला दत्तक घेता येत नाही, असे आपल्यातील वयस्कर मंडळी अजून सांगतात. त्यांचे बोलणे एके काळी खरे होते. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यासाठी होता. ख्रिस्ती दांपत्याला १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली न्यायालयाकडून मुलाचे केवळ ‘पालक’ म्हणून नेमून घेता येई. मूल सज्ञान झाले की पालकत्व संपे, आणि वारसाहक्काचा प्रश्नच नसे. ज्याने वीस वर्षे बैलांमागे चालून बापाचे शेत सांभाळले, त्याला बापाच्या मृत्यूनंतर चुलत्यांनी ‘तू कोण?’ असे विचारावे, हा त्या कायद्याचा परिणाम.

मुंबई उच्च न्यायालयाने, ज्याच्या अधिकारक्षेत्रात दादरा व नगर हवेली येते, २००० सालच्या सुमारास एका ख्रिस्ती दांपत्याच्या अर्जावर निकाल देताना, अनाथ मुलाला कुटुंब मिळण्याचा हक्क आहे आणि ख्रिस्ती दांपत्यही त्याला आपले मूल म्हणून स्वीकारू शकते, असे मानले. त्याच वर्षी बालन्याय कायदा नव्याने झाला, २००६ साली तो दुरुस्त झाला, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की या कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येते. आज २०१५ चा बालन्याय कायदा लागू आहे. आदिवासी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५६ चा कायदा अनुसूचित जमातींना लागूच नाही, मग ते हिंदू असोत वा ख्रिस्ती. म्हणून गावातल्या कोणा शिकलेल्याने ‘दत्तकपत्र लिहून नोटरी करा, झाले’ असे सांगितले, तर ऐकू नये. त्या कागदाला आपल्या बाबतीत किंमत नाही.

बालन्याय कायद्याने झालेले दत्तक पक्के असते. आदेशाच्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत पोटच्या मुलासारखे धरले जाते. वारसाहक्कही मिळतो, आणि जन्मदात्या घराशी असलेले कायद्याचे नाते तुटते. ज्यांच्या घरात जुन्या पालकत्वाच्या हुकमावर वाढवलेली मुले आहेत, त्यांनी मात्र आळस न करता मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, आणि ज्याला काही मिळणार आहे त्यालाच साक्षीदार करू नये, नाहीतर त्याचे देणे रद्द होते.

दत्तकासाठी अर्ज ‘कारा’ या केंद्रीय संस्थेकडे संगणकावरून करावयाचा असतो. स्वतःला जमत नसेल तर कलेक्टर कचेरीत जिल्हा बालसंरक्षण कक्षाची चौकशी करावी. तेथील लोकांचे ते कामच आहे. दोघांचे फोटो, जन्माचा व लग्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, पॅन कार्ड आणि डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. शेतकऱ्याचे उत्पन्न थोडे म्हणून कोणी मागे हटू नये. मुलाला नीट वाढवण्याची ऐपत पाहिली जाते, श्रीमंती नव्हे. लग्न निदान दोन वर्षांचे असावे. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या आत असावी लागते. चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ९०, आठपर्यंत १००, त्यापुढे ११०. म्हणजे नवरा ४६ आणि बायको ४१ असेल तर तान्हे मूल मिळणार नाही, पण तीन वर्षांचे मिळू शकेल. नवसांत आणि औषधांत पंधरा वर्षे घालवून मग अर्ज करणाऱ्यांची येथे अडचण होते.

अर्जानंतर समाजसेविका घरी येते. पुष्कळ लोक त्या दिवशी शेजारून खुर्च्या आणतात आणि म्हातारीला मागच्या खोलीत बसवतात. काही गरज नाही. ती घराची शोभा पाहायला येत नाही. आजीआजोबांना हे मूल हवे आहे की नाही, नवरा पितो की नाही, हे पाहायला येते. त्यानंतर थांबावे लागते, आणि लहान मुलासाठी तीन वर्षे किंवा त्याहूनही अधिक. मुलाची माहिती दाखवली जाते तेव्हा त्याचा वैद्यकीय अहवालही मिळतो. तो आपल्या डॉक्टरला दाखवावा. अहवालात सिकलसेलचा केवळ वाहक असे लिहिले असेल तर घाबरून नकार देऊ नये. वाहक मूल बहुधा तुमच्याआमच्यासारखेच निरोगी असते. फक्त लग्नाच्या वेळी जोडीदाराची तपासणी करावी लागते. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे. २०२१ च्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले आहे. त्यापुढे दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, मुलाची विचारपूस होते. फी नियमात ठरलेली असते आणि तिची पावती मिळते. रोख पैसे मागणारा माणूस दत्तक देत नाही, मूल विकतो.

आता नर्सबाईकडे वळू. तिच्या व्यवहाराची तऱ्हा अशी असते की बाळंतिणीच्या जागी घेणारीचेच नाव दवाखान्याच्या कागदावर लागते. जन्माचा दाखला तयार, आदेशाची भानगड नाही, सगळे सोपे! पण बैल विकत घेताना आपण दात पाहतो, कोणाच्या दावणीचा ते विचारतो. येथे मात्र काहीच विचारत नाही. ते मूल चोरलेले असू शकते. आई बेशुद्ध असताना उचललेले असू शकते. मुलाची खरेदी-विक्री करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख दंड आहे. दवाखान्यातील जबाबदार माणसाने केली तर तीन ते सात वर्षे. कायदा डावलून दत्तक घेणाऱ्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि शिक्षेपेक्षा वाईट म्हणजे, चारपाच वर्षांनी प्रकरण उघडकीला आले तर तुम्हांला आईबाबा म्हणणारे मूल पोलीस घेऊन जातात. त्या वेळी आमच्याकडून चिठ्ठी नेऊन काही उपयोग होत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूला ती मुलगी असते जिला हे बाळ झाले. आपल्या गावात अशी मुलगी अडचणीत आली तर तिला नर्सबाईच्या किंवा रेल्वेच्या फलाटाच्या हवाली करू नये. बालकल्याण समितीसमोर मूल सोपवता येते. तिचे नाव गुप्त राहते, विचार बदलण्यासाठी दोन महिने मिळतात, आणि नाइलाजाने मूल सोपवणाऱ्या आईला कायदा गुन्हेगार समजत नाही. १०९८ या क्रमांकावर फोन केला तरी मदत मिळते.

परदेशाचा प्रश्न आपल्याकडे दमणमुळे जवळचा झाला आहे. दमण-दीवची कितीतरी कुटुंबे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, विशेषतः लेस्टर शहरात राहतात, आणि सोयरिकीने ती आपल्याशी जोडलेली आहेत. पूर्वी देशात परदेशी दत्तकाचा कारभार फार सैल होता. लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून परदेशी जाणाऱ्या मुलांचे हाल कळवले. न्यायमूर्ती भगवती यांनी १९८४ साली त्यावर निकाल देऊन नियम घातले : आधी देशातच घर शोधावे, नाही मिळाले तरच परदेश, आणि तेही मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच. त्यातूनच १९९० साली ‘कारा’ निघाली. आजही अनाथ मुलाला साठ दिवसांत भारतीय घर मिळाले नाही तरच परदेशी दांपत्याचा विचार होतो.

नात्यातले दत्तक याहून वेगळे आहे, पण ‘नातलग’ या शब्दाचा कायद्यातला अर्थ फार अरुंद आहे. मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजीआजोबा एवढेच. तुमचा सख्खा भाऊ लेस्टरहून तुमचे मूल दत्तक मागू शकतो. तुमचा चुलत भाऊ नाही, मग तो कितीही जीव लावणारा असो. भावानेसुद्धा आधी इंग्लंडात स्वतःची व घराची रीतसर तपासणी करून घ्यावी लागते. ती न करता परदेशी दत्तक घेतलेले मूल तेथे आणणे हा तेथे गुन्हा आहे. इकडे जिल्हा बालसंरक्षण कक्ष तुमच्या कुटुंबाचा अहवाल करतो, पाच वर्षांवरील मुलाची संमती घेतो, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश होतो, ‘कारा’चे ना-हरकत पत्र येते, आणि मगच प्रवासाची तयारी. ‘आधी व्हिजिटर व्हिसावर पाठवा, बाकीचे तिकडे बघू’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ते बाकीचे तिकडे होत नाही. मूल ना इकडचे ना तिकडचे होऊन बसते.

आणि देणाऱ्या आईबापांनी एक रात्र नीट विचार करावा. दत्तक दिले की मूल तुमचे राहत नाही. पुढे भावाभावांत बिनसले तरी परत मागता येत नाही. मुलाचे शिक्षण व्हावे एवढाच हेतू असेल, तर भावाने फी पाठवावी. मूल खानवेलहून सिल्वासाच्या शाळेत शिकू शकते.

राहता राहिली सरोगसी, म्हणजे दुसऱ्यासाठी गर्भ वाढवून देणे. गुजरातेतील आणंद हे गाव या धंद्यासाठी जगभर ओळखले जाई. २००८ साली तेथे एका जपानी दांपत्यासाठी मुलगी जन्मली, पण जन्मापूर्वीच त्या दोघांचा घटस्फोट झाला होता. पत्नीने अंग काढून घेतले, वाढवणाऱ्या बाईचा करार संपला होता, आणि एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नव्हती. तीन आया मोजता येत होत्या आणि आई एकही नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. शेवटी जपानहून आलेली आजी तीन महिन्यांहून अधिक काळाने त्या बाळाला घेऊन गेली.

२०१५ साली परदेशी लोकांसाठी हे बंद झाले. २५ जानेवारी २०२२ पासून नवा कायदा लागू आहे आणि पैसे घेऊन गर्भ वाढवणे सर्वांनाच बंद आहे. इलाजाचा खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा, याखेरीज त्या स्त्रीला काहीही देता येत नाही. ती विवाहित किंवा पूर्वी लग्न झालेली, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वर्षांची असावी, आणि आयुष्यात एकदाच. पैशाचा धंदा चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड आहे. तेव्हा लाखाची भाषा करणारा दलाल तुमच्या सुनेला गुन्ह्यातच ओढत असतो. यात इंजेक्शने टोचतात, पुष्कळदा पोट फाडून बाळंतपण होते, आणि आपल्या बायकांच्या अंगात रक्त आधीच कमी असते. सिकलसेल असलेल्या स्त्रीच्या तर ते जिवावर बेतू शकते. टाके ओले असताना भातलावणीला कोण उभे राहणार, हे दलाल सांगत नाही.

ख्रिस्तसभेने १९८७ च्या आपल्या पत्रकात याला स्पष्ट नकार दिला आहे, आणि दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२४ मध्ये जगभर यावर बंदी असावी असे म्हटले. पण असे जन्मलेले मूल निर्दोष असते. कोणी ते आमच्याकडे बाप्तिस्म्यासाठी आणले तर त्याच्या जन्माच्या रीतीवरून त्याला परतवले जाणार नाही.

दत्तक मुलाला खरे कधी सांगावे, असे आईवडील विचारतात. शाळेत जाण्यापूर्वी, आणि तुमच्या तोंडून. आपल्या पाड्यांवर कोणाच्या घरी केव्हा पाळणा आला हे विहिरीवर सर्वांना ठाऊक असते. तुम्ही सांगितले नाही तर कोणी तरी भांडणात सांगेल, आणि ते फार वाईट रीतीने सांगितले जाईल. लहानपणापासून गोष्टीसारखे सांगत गेले तर मुलाला त्यात धक्का वाटत नाही. ‘आणलेला’ हा शब्द घरात कोणीही, रागातसुद्धा, उच्चारू नये.

बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र दत्तकाचा आदेश बरोबर आणावा. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार देशाच्या कायद्याने दत्तक झालेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल समजले जाते, आणि वहीत त्यांचीच नावे आईबाप म्हणून लिहिली जातात. तोंडी सांगण्यावरून आम्हांला ती लिहिता येत नाहीत. पुढे लग्नाच्या वेळी जवळच्या नात्याची चौकशी होते, तेव्हाही हीच नोंद पाहिली जाते. आदेशाची एक प्रत घरी पेटीत, एक आमच्याकडे आणि एक जमिनीच्या कागदांबरोबर ठेवावी.