तेरियाकी भात : पोषणमूल्य व आहारविधिविशेषायतने

प्रास्ताविक

रुग्णाचा आहारवृत्तांत घेताना आज पोळी, भाजी, वरण एवढ्यावर थांबून चालत नाही. नोकरीनिमित्त परदेशी राहणारी मराठी कुटुंबे तेथील पदार्थ नित्य सेवन करतात आणि पथ्यापथ्याविषयी पृच्छा मात्र गावाकडील वैद्यांकडे करतात. अशा पदार्थांपैकी जपानी 'तेरियाकी भात' याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्वरूप

'तेरि' म्हणजे चकाकी आणि 'याकि' म्हणजे भाजणे. शोयू (सोयाबीन व गहू यांचा आंबवलेला खारट रस), मिरिन (तांदळाचे गोड मद्य), साके व साखर यांचे मिश्रण आटवून मासा वा मांसावर त्याचा लेप देतात. जपानमध्ये हा संस्कार विशेषतः माशांवर होत आला. अमेरिकेत कोंबडीचे मांस व भरपूर भात असे त्याचे रूप रूढ झाले. सिएटल शहरात १९७६ साली तोशी कासाहारा यांनी काढलेल्या उपाहारगृहापासून तेथे या पदार्थाचा मोठा प्रसार झाला.

पोषणमूल्य

२०० ग्रॅम शिजलेला भात, सुमारे १२० ग्रॅम कोंबडीचे मांस व ३ टेबलस्पून सॉस असा एक वाडगा धरल्यास स्थूलमानाने ६०० ते ७०० किलोकॅलरी ऊर्जा, २५ ते ३० ग्रॅम प्रथिने व ६० ते ८० ग्रॅम कर्बोदके मिळतात. प्रथिनांच्या दृष्टीने हे जेवण हीन नाही. तंतुमय भाग मात्र अत्यल्प असतो.

खरी चिंता सोडियमची आहे. तयार तेरियाकी सॉसच्या एका टेबलस्पूनमध्ये साधारण ७०० मिलिग्रॅम सोडियम असते. म्हणजे तीन चमच्यांत सुमारे २१०० मिलिग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी संपूर्ण दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी (५ ग्रॅम मीठ) सांगितली आहे. एका वाडग्यातच ती ओलांडली जाते.

संहितोक्त विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्या अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता ही आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. प्रस्तुत विषयात त्यांपैकी तीन विशेष महत्त्वाची आहेत.

करण : आटवण्याच्या संस्काराने सॉसमधील जलांश उडून जातो, लवण व शर्करा मात्र तेथेच राहतात. लेपाची चकाकी जितकी दाट, तितके त्याचे लवण तीव्र.

राशी : आचार्यांनी राशीचे सर्वग्रह व परिग्रह असे दोन भेद केले आहेत. सर्वग्रह म्हणजे संपूर्ण आहाराचे एकत्रित मान आणि परिग्रह म्हणजे त्यातील प्रत्येक द्रव्याचे पृथक् मान. वाडगा एकच खाल्ला, यावरून सर्वग्रह मर्यादित वाटतो. दोष परिग्रहात आहे. साखरेच्या गोडव्याने खारटपणा झाकला जात असल्याने तो जिभेलाही जाणवत नाही.

उपयोक्ता : श्रम करणाऱ्या, दीप्ताग्नी निरोगी व्यक्तीस जे चालते, ते रक्तदाब, शोथ, वृक्कविकार वा प्रमेह असलेल्यास चालेलच असे नाही.

याच अध्यायात पिप्पली, क्षार व लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेने व सतत सेवन करू नयेत, असा स्पष्ट निर्देश आहे. दुधासहही लवण खाणाऱ्या बाह्लीक, सौराष्ट्रिक आदी लोकांच्या ठिकाणी ग्लानी व मांस-रक्ताचे शैथिल्य आढळते, हे उदाहरणही आचार्यांनी दिले आहे. पदार्थ परका असला तरी त्याच्या परीक्षणाची कसोटी आपल्याकडे सिद्ध आहे.

व्यवहारात

१. "मी वरून मीठ घेत नाही," असे रुग्ण प्रामाणिकपणे सांगतो. सॉस, लोणचे, पापड यांविषयी स्वतंत्रपणे विचारावे.

२. सर्वथा निषेधापेक्षा मात्रा ठरवून द्यावी. सॉस एक चमचा व तोही वेगळा घ्यावा, भात निम्मा करावा आणि उरलेली जागा वाफवलेल्या भाज्यांनी भरावी. कमी मिठाच्या सॉसमध्येही सोडियम पुष्कळ असते, हे सांगावे.

३. शोयूमध्ये सामान्यतः गहू असतो. गव्हातील ग्लुटेन वर्ज्य असलेल्या रुग्णांस हे आवर्जून सांगावे. मद्य वर्ज्य असणाऱ्यांस मिरिन व साके यांची कल्पना द्यावी.

४. औषधविक्रेत्या बंधूंसाठी एक सूचना. अशा गुरु भोजनानंतर पोट जड झाले म्हणून ग्राहक लवणभास्कर चूर्ण मागतो. या कल्पात अनेक लवणे आहेत. हिंग्वाष्टक चूर्णातही सैंधव आहे. ग्राहकास रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार आहे का, हे विचारल्यावाचून चूर्ण देऊ नये. अन्यथा आहाराने झालेल्या लवणाच्या अतियोगात औषधाने भरच पडेल.

उपसंहार

तेरियाकी भात विषही नव्हे आणि पथ्यही नव्हे. भात व मांस यांचे पोषण त्यात आहे. त्यावरील चकाकीची मात्रा कोणासाठी किती, हे ठरवणे वैद्याचे कर्तव्य आहे. पदार्थाच्या नावावरून निर्णय न देता परिग्रह विचारण्याची सवय आपण सर्वांनी अंगी बाणवावी, हीच विनंती.