रोजचे वाचन आणि मनन

शास्त्रपाठ : स्तोत्र १:१-३, मार्क १:२१-३९



बायबल नसलेले ख्रिस्ती घर आपल्या मंडळ्यांत क्वचितच सापडेल. ते उघडले केव्हा जाते, हा प्रश्न मात्र अवघड आहे. पुष्कळ घरी ते रविवारी कपाटातून निघते आणि उपासना आटोपली की परत कपाटात जाते. बडोद्याच्या दांडिया बाजारात जुनी मराठी वस्ती आहे. सकाळी पोथी वाचल्यावाचून चहा न घेणारी वडीलधारी माणसे तेथे आम्ही पाहिली आहेत. त्यांचा नेम पाहून आपल्याला थोडी लाज वाटली तर बरेच होईल.

पहिल्या स्तोत्रातला सुखी माणूस मनन करणारा आहे. मनन म्हटले की डोळे मिटून गप्प बसणे, असे आपण समजतो. परंतु तेथील मूळ इब्री शब्दाचा अर्थ हलक्या आवाजात पुटपुटणे असा आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि ३८:१४ मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी तोच शब्द आला आहे. तोंडची शिकार सिंह सोडत नाही. वचन तसे धरून ठेवावयाचे आहे. प्रेषितांची कृत्ये ८ मधील कूशी खजिनदार रथात मोठ्याने वाचीत होता, म्हणून तर ते फिलिप्पाच्या कानी पडले. तेव्हा एकटे असलो तरी ओठ हलवून वाचावे. नुसते डोळे फार लवकर पुढे पळतात.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची हकिकत पुष्कळांना ठाऊक आहे. १८९३ च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. वाचीन, असा शब्द दिला होता म्हणून ते वाचू लागले, गोडी नव्हती. पण डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथे शब्द आधी पाळला गेला, गोडी मागाहून आली. ‘मन लागत नाही म्हणून वाचत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा.

आमच्याकडे आणखी एक अडचण आहे. मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलतात, पण छापील मराठी पान वाचताना अडखळतात. मग कौटुंबिक प्रार्थनाच बंद पडते. पंडिता रमाबाईंनी इब्री व ग्रीक शिकून सबंध शास्त्राचे भाषांतर केले, ते साध्या बायांना समजावे म्हणून. १९२२ साली मृत्यूपूर्वी त्यांनी ते काम पुरे केले आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. त्यांची कळकळ आपण घ्यावी. आजीने मराठीतून वाचावे, नातवाने तोच भाग गुजरातीतून. कोठे शब्द निराळा आला, हे दोघांनी शोधावे. त्या शोधातच निम्मे मनन होते!

आता मार्क १ घ्या. शब्बाथ दिवशी कफर्णहूमात प्रभूने सभास्थानात शिकविले, शिमोनाच्या सासूला बरे केले आणि संध्याकाळी सारे गाव दाराशी लोटले. एवढ्या दगदगीनंतर तो दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठून एकांती प्रार्थनेला गेला. शिष्य शोधीत आले. सर्वांना तो हवा होता. पण तो परत फिरला नाही, आसपासच्या गावांकडे निघाला. लोकांची मागणी चांगलीच होती, तरी दिवसाचा मार्ग प्रार्थनेत ठरला. वाचल्यावर स्वतःला विचारावे : आज माझ्या दाराशी कोण उभे आहे, आणि देव मला कोठे पाठवीत आहे? प्रार्थना याच प्रश्नातून निघू द्यावी. नेहमीची मागण्यांची यादी थोडी थांबली तरी चालेल.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ‘किती अध्याय वाचले?’ असे विचारून बक्षिसे वाटू नयेत. मुले पाने मोजू लागतात. ‘कोणते वचन कळले नाही?’ असे विचारावे.

मार्काचे शुभवर्तमान १६ अध्यायांचे आहे. रोज बाराएक वचने घेतली तर सुमारे आठ आठवडे पुरेल. तेराव्या अध्यायापाशी गाडी अडेल. तेव्हा पाळकसाहेबांना गाठावे. त्यांनाही अभ्यासाला निमित्त मिळेल.