आधी तबकडी, मग मत

लाखेची रेकॉर्ड स्पिरिटने कधीही पुसू नका. जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या घ्यायला लागलेल्या प्रत्येकाला मी हे सगळ्यांत आधी सांगतो, कारण माझ्या डोळ्यांदेखत एक तबकडी अशी गेली आहे. नाट्यपदांची होती. पैसे देऊन झाले होते आणि विक्रेता ती कागदात गुंडाळणार, एवढ्यात त्याने चांगल्या मनाने फडक्यावर स्पिरिट ओतले. मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत फडके दोनदा फिरलेसुद्धा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लाकडाला पॉलिश करणाऱ्या कारागिराला हे पक्के ठाऊक असते. काळी चकाकी जाऊन तबकडी मंद पडली, आणि घरी लावली तेव्हा सुरांवर खरखरीचा जाड थर बसलेला होता. विनाइलच्या एलपीला पातळ केलेले अल्कोहोल सोसते. लाखेला साधे पाणी, साबणाचा एखादा थेंब आणि मऊ फडके पुरे. हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा, लेबलला पाणी लागू द्यायचे नाही आणि लगेच टिपून घ्यायचे.

आम्ही काही रसिक मंडळी अधूनमधून कोणाच्या तरी घरी जमतो. ज्याने जे नवे घेतले ते आणायचे, सगळ्यांनी ऐकायचे आणि मग मनापासून बोलायचे. अशाच एका बैठकीत एका मित्राने जुन्या ठुमरीची तबकडी आणली होती. वाजून संपताच मते सुरू झाली : आवाज टोकदार आहे, मुरक्या घाईच्या आहेत, भावापेक्षा तयारी जास्त दिसते. आमच्यातले एक ज्येष्ठ काका हार्मोनियम वाजवतात. त्यांनी पेटीवर षड्ज शोधला आणि म्हणाले, "बाईंची पट्टी इतकी वर असेल असं वाटत नाही. जरा हळू फिरवून बघ रे." टर्नटेबलची गती उतरवली, तशी तीच गायिका निवांत झाली. आवाजाला गोलाई आली, मुरकीतला प्रत्येक सूर वेगळा ऐकू आला. दहा मिनिटे आम्ही ज्या गाण्याबद्दल बोलत होतो, ते तिने गायलेलेच नव्हते.

यामागचे गणित अवघड नाही. गती सुमारे सहा टक्क्यांनी वाढली की पट्टी पेटीच्या एका सुराने चढते, पांढरी एकची काळी एक होते. जुन्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या ७८लाच मुद्रित झाल्या असेही नाही. सुरुवातीच्या अनेक ध्वनिमुद्रणांची गती कमीजास्त आहे. त्यामुळे लेबलावर भिस्त ठेवू नये. माझा सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे बोललेला शब्द. १९०२ साली कोलकात्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण झाले, त्या काळात गाणे संपताना कलाकार स्वतःचे नाव पुकारत. गाण्याची पट्टी कानाला फसवू शकते, पण माणसाचे बोलणे जलद झाले तर ते लगेच कळते. अशी घोषणा असेल तर गती आधी तिच्यावर जुळवून घ्या.

पिनचेही तसेच. ७८च्या खाचा रुंद असतात, तिला साधारण ७५ मायक्रॉनची पिन लागते. एलपीची पिन त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी किंवा त्याहूनही बारीक. एलपीच्या पिनने ७८ लावली तर ती खाचेच्या तळाशी धूळ खरवडत राहते आणि आपण म्हणतो, रेकॉर्ड खराब आहे. उलटा प्रकार तर घातकच. चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून जास्त भाराने टेकतो, एलपीची पिन दोनेक ग्रॅमवर चालते. चावीच्या यंत्रावर एलपी एकदा जरी फिरली तरी खाचा कापल्या जातात आणि ते परत येत नाही. म्हणून सेकंडहँड एलपी घेताना ती दिव्याखाली तिरकी धरा. खाचा करड्या दिसल्या तर जॅकेट कितीही देखणे असो, मोह आवरा. जॅकेटमध्ये तीच रेकॉर्ड आहे ना, हेही पाहा.

आता ऐकण्याबद्दल, आणि इथे मला थोडे आग्रहाने बोलायचे आहे. १० इंची ७८च्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावतात. अब्दुल करीम खाँसाहेबांचा झिंझोटी ऐकून कोणी "विस्तार नाही" म्हणाले की मला वाईट वाटते. तेवढ्या वेळात रागाचे काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा त्यांचा निर्णय ऐकायचा असतो. केसरबाई केरकरांची भैरवीही साडेतीन मिनिटांचीच, आणि ती १९७७मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. याउलट किशोरीताईंचा भूप एलपीची पूर्ण बाजू घेतो. त्याची पहिली पाच मिनिटे ऐकून मत देणे म्हणजे आलापीच्या उंबऱ्यावरून परत फिरणे.

आमच्या बैठकीत आता एक रीत ठरली आहे. तबकडी दोनदा वाजते. पहिल्यांदा कोणी बोलत नाही आणि आणणाऱ्यानेही तिची स्तुती आधी करायची नाही. मग गती, पिन, लेबलावरचा क्रमांक वहीत टिपून दुसऱ्यांदा ऐकायची आणि त्यानंतर काय ते बोलायचे. एखाद्या तबकडीचे कोडे सुटले नाही तर मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे अंक चाळावेत; जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी पुष्कळ माहिती त्यांत आहे.

पावसाळ्यापूर्वी एक काम मात्र कराच. कपाटातल्या सगळ्या रेकॉर्ड उभ्या लावा, आडव्या ढिगात लाखेच्या रेकॉर्ड तळाशी तडकतात आणि एलपी वाकतात. बुरशी धरलेली आतली पाकिटे काढून नवी कागदी घाला, आणि कपाट बाहेरच्या ओल्या भिंतीपासून हातभर पुढे ओढा.